एडेलवाइसची रीत किती जुनी?

प्रेयसीसाठी तरुणाने जीव धोक्यात घालून कड्यावरचे एडेलवाइस आणायचे, ही आल्प्समधली पुरातन रीत मानली जाते. पुरावे पाहता ती एकोणिसाव्या शतकात वाढली, आणि वाढवली ती डोंगरातल्या माणसांपेक्षा शहरातून आलेल्या हौशी प्रवाशांनी व लेखकांनी. सूर्यफुलाच्या कुळातले हे लवदार रोप मूळचे आशियातल्या उंच, कोरड्या माळांचे. त्याच्या बहुतेक जाती आजही हिमालय, तिबेट आणि चीनमध्येच आढळतात. आल्प्समध्येही ते चुनखडीच्या उतारांवर, मोकळ्या गवतात उगवते. तिथले गावकरी ते पोटदुखीवर वापरत. औषधासाठी खुडायच्या वनस्पतीला शौर्याचे वलय मिळाले ते बेर्टोल्ड आउअरबाखच्या १८६१ च्या 'एडेलवाइस' कादंबरीसारख्या लेखनातून. ऑस्ट्रियात १८६२ साली आणि जर्मनीत १८६९ साली गिर्यारोहकांचे संघ स्थापन झाले, आणि टोपीत खोचलेले फूल ही पराक्रमाची खूण ठरली.

यावर कोणी म्हणेल, हे फूल काढताना माणसे खरोखर कड्यावरून पडून मेली, ते काय खोटे? मुळीच नाही. पण क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी कथा पसरली, मग मागणी वाढली. हाताशी येणारी रोपे मुळासकट उपटली जाऊ लागली की धाडसाची जागा उरते ती कड्यावरच. स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन प्रांताने १८७८ मध्ये ही रोपे उपटण्यावर बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या मोजक्या खुडणीसाठी असा कायदा लागला नसता. तो लागला नव्या हव्यासामुळे.

मग उशिरा घडलेली ही खूण पोकळ म्हणायची का? तसेही नाही. १९०७ मध्ये ती ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पर्वतीय सैन्याचे चिन्ह झाली, पुढे नाझींच्या पर्वतीय तुकड्यांनीही ती मिरवली. आणि त्याच नाझी राजवटीत हिटलरच्या युवक संघटनेत जायला नकार देणाऱ्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी हेच फूल कपड्यांवर लावले. 'एडेलवाइस पायरेट्स' म्हणून ती ओळखली गेली. १० नोव्हेंबर १९४४ रोजी कोलोनच्या एरेनफेल्ड भागात १३ जणांना खटला न चालवता भर रस्त्यात फाशी दिले गेले. त्यांत या गटातला सोळा वर्षांचा बार्टेल शिंक होता.