चाकरी सुटल्यावर

मराठी मुलखात शेतीच्या खालोखाल घराला आधार दिला तो चाकरीने. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपण तोंडाने म्हणत आलो खरे. पण पावसाने दगा दिला की याच कनिष्ठ नोकरीच्या पगारातून बी-बियाणे यायचे आणि सावकाराचा हप्ता जायचा. म्हणून चाकरी सुटते ती एकट्या माणसाची नव्हे. मागे गावाकडचे सबंध घर डगमगते. आज कारखाना बंद पडतो, कचेरीत यंत्र येते, कंत्राट संपते, आणि चाळिशीतला कर्ता माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. त्याला सांगायचे काय? सल्ला देणारे गावात पुष्कळ असतात. मी इतिहासाचा मास्तर. मागे काय घडले ते पाहूनच मला बोलता येईल.

महाराष्ट्रात माणसे हजारोंच्या संख्येने चाकरीतून मोकळी झाली, असा मोठा प्रसंग म्हणजे १८१८ साल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. धन्याची सोय झाली. त्याला सालिना आठ लाखांचा तनखा मिळाला आणि तो गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. पण धन्याच्या मागे जी माणसे होती त्यांचे काय? स्वतःचे घोडे घेऊन लढणारा शिलेदार होता, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर होता, पागेतला मोतद्दार होता, दप्तरातला कारकून होता. त्यांच्या जिवावर आणखी कितीतरी लोक जगत. खोगिरे करणारे जिनगर, तलवारींना धार लावणारे शिकलगार, घोड्यांचे नाल ठोकणारे नालबंद! फौज मोडली तेव्हा या साऱ्यांचे गिऱ्हाइकच नाहीसे झाले. कित्येक जण गावी जाऊन नांगराला लागले. पण दरबार आणि लष्कर यांची मागणी थांबल्यामुळे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धान्याचे भाव कोसळले. तेव्हा ‘जमीन आहे ना, मग चिंता कसली?’ हे बोलणे त्या काळीही पुरते खरे नव्हते.

या पडझडीतून कोण सावरले? आधी कारकुनांकडे पाहू. नव्या राज्यकर्त्यांच्या हाती दप्तराचे रुमालच्या रुमाल आले. पण मोडी अक्षर, जमाबंदीची रीत, गावचा हिशेब हे त्यांना कोण समजावून देणार? जुना कारकूनच! पेशवा गेला, पण गावाचा वसूल राहिला आणि त्याचे कागद वाचणाऱ्याची गरजही राहिली. कलेक्टरांच्या आणि मामलेदारांच्या कचेऱ्यांत ही माणसे शिरली. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या मोजणीचे आणि प्रतबंदीचे नवे काम निघाले, तेव्हा लिहिणाऱ्या-मोजणाऱ्या हातांना आणखी वाट झाली. शास्त्रीमंडळींची गोष्ट थोडी निराळी. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, तिथे काहींची सोय झाली. काहींनी आपली विद्या नव्या कामाला जुंपली. मोल्सवर्थचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश अशा पंडितांच्या मदतीने उभा राहिला. कोकणातल्या शास्त्र्याच्या घरात जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर संस्कृत शिकले, त्यावर इंग्रजी शिकले आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले. जुने टाकून त्यांनी नवे धरले नाही. जुन्याला नव्याचा जोड दिला.

मात्र इथे एक गफलत होऊ देऊ नये. कारकून हुशार होता म्हणून तरला आणि शिपाई आळशी होता म्हणून बुडाला, असा याचा अर्थ नव्हे. कारकुनाच्या विद्येला दार उघडे मिळाले. शिपायाच्या विद्येला बहुतेक ठिकाणी मिळाले नाही. थोडे घोडेस्वार इंग्रजांच्या पुणे रिसाल्यात गेले, पण सगळ्यांना तिथे कुठली जागा? गडांची आणि गावांची रखवाली करणाऱ्या रामोशांचे हक्क तर पेशवाईच्या अखेरीसच हिरावले जाऊ लागले होते. इंग्रजी अमलात गडच ओस पडले. मग पुरंदरच्या पायथ्याशी उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. सरकारला फौजा पाठवाव्या लागल्या आणि अखेर उमाजींना पुण्यात फाशी दिले गेले. डोंगरदऱ्या पाठ असणे, रात्रीचा पहारा करणे, जिवाला जीव देणे हे गुण त्या माणसांत होतेच. ते वापरणारे चाकरीचे ठिकाण तेवढे उरले नव्हते.

याच सुमारास खानदेशात काय झाले तेही पाहावे. तिथे भिल्लांशी वर्षानुवर्षे चकमकी चालल्या होत्या. १८२५ साली औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला. ज्यांना पकडायला शिपाई पाठवायचे, त्यांनाच शिपाई केले! दुसऱ्या बाजूने भिल्ल वस्त्यांना जमीन, बी आणि नांगरासाठी पैसे देऊन शेतीला लावण्याचा उद्योग झाला. हे काही धर्मकार्य नव्हते. राज्य निर्वेध चालावे हाच त्यातला हेतू होता. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते. माणसाच्या अंगच्या गुणाला काम दिले तर तो गुण उपयोगी पडतो, आणि दार बंद ठेवले तर त्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते.

श्रोतेहो, चाकरी गेली की माणूस पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतो. ‘आपल्यातच काही कमी असेल’ असे त्याला वाटते, आणि शेजारीपाजारी ते वाटणे पक्के करतात. यावर उतारा म्हणून दुसरा प्रसंग सांगतो. कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत महार शिपायांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, सुभेदारीपर्यंत चढले. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने त्यांची भरतीच बंद केली. शौर्य कमी पडले म्हणून नव्हे, तर अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत असे एक खूळ लष्करी अधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरले होते म्हणून. दापोलीचे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. अर्ज लगेच फळाला आले नाहीत. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. पण मागणे सोडले नाही, हे महत्त्वाचे.

त्या मधल्या काळात या घरांना तारले कशाने? पलटणीच्या शाळांनी. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत मास्तर होते. फौजेची चाकरी संपल्यावर त्यांनी सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर रोखपालाची नोकरी धरली आणि मुलांचे शिक्षण सोडले नाही. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. पलटणीचा दरवाजा बंद झाला, तरी तिथे मिळालेली अक्षरे कोणाला परत घेता आली नाहीत.

तिसरा प्रसंग आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या घरातला असेल. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी फौजेत सुमारे पंचवीस लाख माणसे होती. ती घरी जाणार, हे सरकारला ठाऊक होते. तेव्हा त्याच वर्षी सेवायोजन कार्यालये निघाली. १९४८ पासून ती सर्वच उमेदवारांना खुली झाली. आपली मुले तालुक्याहून जिल्ह्याला जाऊन नाव नोंदवीत, त्या कार्यालयाचे मूळ हे असे रिकाम्या शिपायाच्या सोयीत आहे. १८१८ साली कोणी अशी सोय केली नव्हती. सव्वाशे वर्षांत एवढी समज वाढली, हे थोडे नाही. १९५३ साली तर कायद्याने ठरवून दिले की कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची सूचना आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार दिला पाहिजे. २०२० साली संमत झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, कमी केलेल्या कामगाराने नवे कसब शिकावे म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची तरतूद आली.

कायदे असूनही माणूस एकटा पडतो, हेही आपण पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि हजारो लोक पुन्हा कामावर चढले नाहीत. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांत ही माणसे परत आली. आज ना उद्या भोंगा वाजेल, या आशेवर काहींची मोलाची वर्षे गेली.

या सगळ्यातून चाकरी सुटलेल्याने काय घ्यावे? पहिले, आपले पद आणि आपले कसब यांची फारकत करून पाहावी. ‘मी अमुक कंपनीत होतो’ असे सांगण्यापेक्षा ‘मला अमुक येते’ याची यादी कागदावर काढावी. हिशेब येतो, यंत्र दुरुस्त करता येते, चार माणसांकडून काम करून घेता येते, हे सारे त्यात लिहावे. दुसरे, त्या कसबाचे गिऱ्हाईक आता कुठे आहे ते शोधावे आणि जोडीला एक नवी गोष्ट शिकावी. तिसरे, हक्काचा पैसा सोडू नये. नेमणुकीचा कागद, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा हे जपून ठेवावे. न समजेल ते कामगार कचेरीत जाऊन विचारावे. आलेला पैसा लग्नात किंवा घराच्या माडीत एकदम घालू नये. आणि चौथे, जुने दार पुन्हा उघडेल म्हणून उंबऱ्यावर बसून राहू नये. दाद मागावी, पण मागता मागता हात चालू ठेवावेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. शाळेत आपण पेशवाईचा शेवट शिकवतो तो लढाई, तह आणि तनखा यांवर संपवतो. त्या दिवशी नालबंदाच्या मुलाच्या घरी काय झाले असेल, हा प्रश्न वर्गात एकदा विचारून पाहावा. कुठल्या मुलाचे वडील परवाच कामावरून घरी आले असतील, आपल्याला ठाऊक नसते. नोकरी जाणे ही नालायकी नव्हे, हे त्या मुलाला इतिहासाच्या तासाला कळले, तर तो तास फुकट गेला असे कोणी म्हणणार नाही.