मिरे, मिरची आणि तिखट

मराठीच्या अभ्यासकाला 'मानसोल्लास' हा ग्रंथ ठाऊक असतो तो बहुधा एकाच कारणासाठी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या संस्कृत ग्रंथाच्या 'गीतविनोदा'त काही जुन्या मराठी पद्यपंक्ती सापडतात. (हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आमच्या भिवंडीच्या शेजारचे कल्याण नव्हे.) वर्गात आम्हीही एवढेच सांगत आलो. त्याच ग्रंथातील 'अन्नभोग' आम्ही फार उशिरा वाचला.

'अन्नभोगा'त मांस भाजण्याचे बारीक तपशील आहेत. सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेले तुकडे आहेत. हिंग, मिरे, सैंधव, आले आहे. मिरची नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते. ती मूळची अमेरिकेतली; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्या किनाऱ्याला लागली. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या शके १२१२ मध्ये महाराष्ट्रातील कोणत्याही घरात मिरचीची पूड नव्हती.

मग ही परकी वस्तू इतकी आपली कशी झाली? उत्तर भाषेत शोधावे लागते. बटाटा, काजू, अननस ही फळेकंदे पोर्तुगिजांकडून आली ती आपली नावे घेऊन. मिरचीने मात्र इथल्याच मिऱ्याचे नाव उचलले. 'मिरे' आणि 'मिरची' दोन्ही शब्द संस्कृत 'मरिच'कडे जातात, जरी एक वेल आणि दुसरे झुडूप, आणि दोघांचे कूळ अगदी वेगळे. 'तिखट'ची गोष्ट याहून बोलकी आहे. तीक्ष्णपणा सांगणारे हे जुने विशेषण. 'तिखट कानाचा' या प्रयोगात ते अजून टिकून आहे. त्याचे नाम झाले, आणि आज 'चमचाभर तिखट' म्हणजे मिरचीपूडच. 'मसाला' हा शब्द तर अरबीतून फारसीमार्गे आलेला. म्हणजे मसाल्याच्या एका बरणीत संस्कृत, अरबी आणि अमेरिका एकत्र नांदतात.

ती बरणी पाहायची तर भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात वैशाखात जावे. अंगणात मिरच्या वाळत असतात. रंगाला एक जात, तिखटपणाला दुसरी. धणे, खसखस, नागकेशर, दगडफूल, तमालपत्र, हळकुंडे वेगवेगळी भाजायची, कारण प्रत्येकाला लागणारी आंच निराळी. मग सगळे कांडपाला जाते, आणि पावसाळ्याआधी हिंगाचे खडे घालून बरणीत दडपले जाते. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन कुटुंबांत हाच वर्षाचा साठा गडद रंगाच्या बाटल्यांत ठासतात. तो 'बॉटल मसाला'.

हा कोरडा मसाला मीठ लावलेल्या मांसाला चोळून ठेवतात. मीठ मांसातले पाणी बाहेर ओढते, त्या ओलाव्यात पूड भिजून चिकटते. वरून पाणी घालावे लागत नाही. उघड्या ज्वाळेवर मात्र मिरची चटकन करपून कडवट होते. रायगडकडच्या पोपटीत यावर सुरेख तोड आहे. मसाला चोळलेली कोंबडी, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, आणि मसाल्याला ज्वाळेचा स्पर्शही नाही.

दिघाशीच्या एका आजींना आम्ही वही उघडून प्रमाण विचारले. त्या म्हणाल्या, "माप कसला? मिरची बगायची, नि मंग धने घ्याचे." आम्ही वही मिटली. राजाच्या पाकक्रियेची पोथी झाली, तिच्या प्रती झाल्या, ती छापली गेली. मिरची पचवून मराठी जेवणाची चवच बदलणाऱ्या बायकांच्या चार-पाच शतकांच्या प्रयोगांची पोथी झाली नाही. ते ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि हात थांबला की संपते. भिवंडीच्या परिसरात शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली; मिरच्या वाळवायला अंगणे कमी उरली, पाकिटे सोयीची झाली. सोयीला आम्ही नावे ठेवत नाही. आमच्याही घरी पाकीट येते.

परंतु वाङ्मयेतिहास शिकवताना आपण लिखित तेवढेच साधन मानतो, हे आम्हांला आता खटकते. पुढच्या वर्षी 'मानसोल्लास' शिकवताना पद्यपंक्तींबरोबर 'अन्नभोग'ही वाचू, आणि विद्यार्थ्यांना आपापल्या आजीसमोर वही घेऊन बसायला सांगू. माप मिळणार नाही; पण मिरची 'बगायची' म्हणजे नेमके काय पाहायचे, एवढे विचारून घेता येईल.