कंदांतून निघालेलें औषध

तुर्भ्याच्या घाऊक भाजीबाजारांत थंडीच्या दिवसांत कोनफळें येऊं लागतात. कोणी तीं उंधियूंत घालतो, कोणी उपासाला उकडून खातो. या कोनफळाच्याच कुळांतील एका रानटी कंदानें स्त्रियांच्या एका पुरातन दुखण्याच्या चिकित्सेचा इतिहास पालटला, ही गोष्ट मात्र तीं चिरणाऱ्या हातांस सहसा ठाऊक नसते.

पाळीच्या वेळीं अतिशय रक्तस्राव होणें, ती अवेळीं येणें किंवा महिनेमहिने न येणें, या तक्रारी आजच्या नव्हेत. त्यांपैकीं अतिस्रावाचें वर्णन चरकसंहितेंत 'असृग्दर' या नांवानें आढळतें, आणि अशोकाच्या सालीचा काढा वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले. परंतु औषध मागावयाचें तर तोंड उघडावें लागतें. आणि विटाळ म्हणून कोपऱ्यांत बसविलेल्या स्त्रीस तेंच कठीण होतें.

दुखण्याचें मूळ कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. अंडाशयांतून निघणारे दोन अंतःस्राव गर्भाशयाच्या आंतील अस्तराची राखण करतात: ईस्ट्रोजेन तें वाढवितें व प्रोजेस्टेरोन तें स्थिर करतें. ज्या महिन्यांत बीज सुटत नाहीं, त्या महिन्यांत दुसरा स्राव पुरेसा निर्माण होत नाहीं. मग अस्तर बेसुमार वाढतें आणि अवेळीं, अनियमितपणें गळूं लागतें. १९२९ सालीं अमेरिकेंत कॉर्नर व ॲलन यांनीं या दुसऱ्या स्रावाचें कार्य दाखवून दिलें, आणि १९३४ सालीं तो शुद्ध रूपांत हातीं आला. पण केवढ्या सायासानें! जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांस अवघ्या २० मिलिग्रॅमसाठीं सुमारें ५०,००० डुकरिणींचे अंडाशय खर्चीं घालावे लागले. असें औषध गरिबाच्या घरीं कसें पोंचणार?

ही अडचण कंदानें सोडविली. रसेल मार्कर नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें १९४२ सालीं मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ प्रांतांतून एक कंद मिळविला आणि त्यांतील डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन तयार केलें. आपल्या खाण्यांतील कोनफळाचा असा उपयोग होत नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें. १९४४ सालीं मेक्सिको शहरांत सिंटेक्स कंपनी निघाली. तरीही एक उणीव उरली: प्रोजेस्टेरोन पोटांत घेतलें तर फारसें लागू पडत नसे, सुई टोंचावी लागे. १९५१ सालीं त्याच कंपनींत लुईस मिरामोंतेस या तरुण मेक्सिकन विद्यार्थ्यानें नॉरएथिस्टेरोन सिद्ध केलें, व गोळीचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेंत अशा गोळ्यांस १९५७ सालीं प्रथम परवानगी मिळाली ती पाळीच्या विकारांसाठीं. संततिनियमनासाठीं ती १९६० सालीं मिळाली. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आजही डॉक्टरांनीं अविवाहित मुलीस अशी गोळी लिहून दिली कीं कित्येक मातापित्यांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि ती चिठ्ठी तशीच घडी होऊन पडून राहते. रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ति असलेल्यांस यांतील कांहीं गोळ्या वर्ज्य असतात, व तपासणीवांचून कोणींच त्या घेऊं नयेत, हें खरें; पण नांवाचा संकोच हें औषध नाकारण्याचें कारण नव्हे.

संकोचाची व उपेक्षेची जबर किंमत कोण देतें, तें बीड जिल्ह्यांत दिसलें. ऊसतोडीस जाणाऱ्या तेथील स्त्रियांची राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें २०१९ सालीं पाहणी केली, तेव्हां ८२,३०९ जणींपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनाठायीं होती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जेथें एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम दंड कापून घेतो, तेथें तपासणी व कांहीं महिन्यांची औषधयोजना यांपेक्षां पिशवी काढून मोकळें होणें सोपें वाटतें. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारीं मार्गदर्शक तत्त्वें राज्यांनीं तीन महिन्यांत अमलांत आणावींत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२३ सालीं द्यावा लागला.

हजारों प्राण्यांमागें कणभर मिळणारें द्रव्य कंदामुळें विपुल झालें, हें शास्त्राचें काम होतें. त्याच्याही आधीं स्त्रीचें म्हणणें ऐकून घेणें हें काम घराचें व समाजाचें आहे. तें कोणत्याही कंदांतून निघणार नाहीं.