दाणा भिंतीवर कसा चढला

वडगाव रासाईतल्या एका स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या चार फळ्या आहेत. सर्वांत वर दिवाळीच्या फराळाचे डबे आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या दोन बरण्या. मधल्या दोन फळ्यांवर चहा, साखर, डाळी, शेंगदाणे आणि मिसळणाचा डबा. खाली पिठाचा डबा आणि तेलाचा पंधरा किलोचा. कशावरही नाव लिहिलेले नाही. घरातल्या सुनेला विचारले, तर म्हणाली, “आत्यांनी लावलंय सगळं. मी जागा बदलली की त्यांना मीठ सापडत नाही.”

या चार फळ्यांची वंशावळ काढायची, तर गाव सोडावे लागते, तालुका मात्र सोडावा लागत नाही. शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 साली सुरू केलेले उत्खनन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी इथून साधारण इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. पुस्तकांतून इनामगावची दफने गाजली. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन कुंभांतली तान्ही मुले, आणि चार पायांच्या, पोट सुटलेल्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष. मला मात्र त्या वस्तीचे स्वयंपाकघर जास्त बोलके वाटते.

तिथे दाणा ठेवण्याच्या तीन तऱ्हा सापडतात. एक म्हणजे जमिनीत खणलेले, चुन्याने लिंपलेले खोल खड्डे, म्हणजे आपले पेव. दुसरी, मातीचे गोल ओटे. त्यांवर विणलेल्या कणग्या उभ्या असणार. तिसरी, जमिनीत बसवलेले चार चपटे दगड, चार पायांच्या रांजणाचा एकेक पाय टेकायला. ढवळीकरांनी हे सारे ओळखले ते शेजारच्या गावांतल्या चालत्या-बोलत्या घरांत पाहून. जुन्या ओट्यावर काय उभे असेल, याचे उत्तर जिवंत कणगीने दिले. पुरातत्त्वात असे फार वेळा घडत नाही.

आणखी एक गोष्ट. वस्तीच्या मध्याशी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि त्याला लागून कोठार. कोठारात पेव आणि कणग्यांचे ओटे, दोन्ही. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात लोकांकडून आलेले धान्य साठत असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत पडले. मुख्य पीक जवाचे. म्हणजे दाण्याची पहिली मोठी खोली गृहिणीच्या हाती नव्हती, गावच्या कारभाऱ्याच्या हाती होती. पुढे हवा कोरडी होत गेली, शेती आक्रसली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. घर लहान झाले की साठा लहान होतो, की साठा लहान झाला म्हणून घर लहान होते? इनामगाव पाहिल्यावर मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

पेव इनामगावबरोबर संपले नाही. विसाव्या शतकापर्यंत ते दख्खनच्या गावोगाव होते. तळाशी आणि कडेने कडबा, भूस घालायचे, ज्वारी ओतायची, तोंड माती-शेणाने बंद करायचे. हवा मिळेना की किडे मरत. उघडताना मात्र घाई करायची नाही. आत कुंद वायू साठलेला असतो, त्यात उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून आधी दिवा सोडून बघायचे. दिवा विझला, तर थांबायचे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशीच पेवात ठेवत आले आहेत. 2005 च्या महापुराचे पाणी शिरून तिथली बरीच पेवे निकामी झाली.

कणगी जमिनीच्या वर आली. तुराट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणायची, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपायची, खाली दगड द्यायचे. वाड्यांत हेच काम बळद करी. माळ्यावरून धान्य आत ओतायचे आणि खालच्या भोकातून लागेल तेवढे काढायचे. जुना दाणा आधी निघतो, नवा वर राहतो. आजच्या किराणा दुकानदाराला हे शिकवावे लागते, बळदाला नाही. धान्यात कडुनिंबाचा पाला घालत, कडधान्याला राख, गव्हाला एरंडेलाचा हात. या गोष्टी बायकांच्या हातात होत्या आणि त्यांची नोंद कुठे झाली नाही.

भरलेली कणगी सर्वांच्या घरी होती, असा समज मात्र नको. 12 मे 1875 ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-कागद जाळायला सुरुवात केली आणि ते लोण शिरूर तालुक्यातही आले. ज्याची ज्वारी खळ्यावरूनच सावकाराकडे जाते, त्याने कणगी कशाला विणायची? अशा घरात उतरंड असे. एकावर एक गाडगी-मडकी रचलेली. ‘उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा’ ही म्हण तिथलीच, आणि ती पहिल्या अर्ध्या भागात खरे बोलते.

उतरंडीचा नियम कडक होता. मोठे मडके तळाशी, लहान वर. जे क्वचित लागते ते खाली आणि जे रोज लागते ते वर, कारण खालचे मडके काढायला सगळी उतरंड उतरवावी लागते. नाव त्यावरूनच पडले असावे, असे मला उगीच वाटते. मांजराच्या तावडीत सापडू नये म्हणून दूधदुभते छताच्या शिंक्यात. कोनाड्यात दिवा. भिंत अजून साठ्याच्या कामाला लागलेली नव्हती.

भिंतीवर दाणा चढवला तो पत्र्याच्या डब्याने. रॉकेलचे चौकोनी डबे रिकामे झाले की धुऊन-पुसून धान्याला लागत. गोल मडके फळीवर टेकत नाही, चौकोनी डबा कडेला कड लावून उभा राहतो. त्यातच गिरणी आली. जात्यावर पहाटे दळायचे आणि दुपारी थापायचे, तोवर पीठ ठेवायला भांडे लागतच नव्हते. गिरणीतून आठ दिवसांचे दळण एकदम यायला लागले, तेव्हा पिठाला घर हवे झाले. आपण पिठाचा डबा आजीच्या काळचा मानतो. पणजीला तो माहीतही नसेल.

1937 साली डालडा बाजारात आला. त्याच्या पिवळ्या डब्यावर नारळासारखे झाड होते, आणि तूप संपल्यावरही तो कितीतरी घरांत डाळ सांभाळत राहिला. फळीची पुढची पिढी पितळेची, त्यानंतरची स्टीलची. स्टीलचे डबे आहेरात आले आणि बोहारणीच्या टोपलीतूनही आले, जुन्या साड्या-पँटींच्या बदल्यात. त्यांवर नावे आणि तारखा कोरलेल्या असतात. कोणत्या लग्नात कोणी दिला, कोणत्या साली. घराची इतकी विश्वासू दफ्तरे दुसरी नाहीत.

जर्मनीत फ्रँकफुर्टला 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी नव्या वसाहतींसाठी छोटेखानी स्वयंपाकघर आखले. बाईची पावले मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या. तांदूळ, साखर, डाळींसाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे कप्पे, प्रत्येकावर नाव. पिठाचा कप्पा ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. आज पुण्यातून गावात येणारी ट्रॉली त्याच घराण्यातली. पण ते कप्पे दुकानातून आठवड्याचे सामान आणणाऱ्या कामगाराच्या घरासाठी होते. वर्षाचा दाणा त्यांत मावतच नाही.

वडगावातही तो मावण्याचा प्रश्न राहिला नाही. गाव भीमेकाठचे, पलीकडे दौंड तालुका. मोटारी नदीला लागल्या, चासकमानचे पाणी तालुक्यात आले, न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला आणि रानात ऊस लागला. ज्वारीचे रान गेले तशी खळी गेली, खळी गेली तशी कणगी. ऊस घरात ठेवायचा नसतो, तो तोडून गाडीत भरायचा असतो. घरात येते ते बिल. आता फळीवर साखर आहे आणि ज्वारी विकत आणावी लागते. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेला मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना हा हिशेब पटत नाही.

घरातल्या आत्या त्यांपैकीच. चार फळ्या भरलेल्या असतानाही त्या वर्षाची ज्वारी बाजारातून पोत्याने आणवतात. पोती स्वयंपाकघरात नाहीत. सुनेला तिथे ट्रॉली करायची आहे. ती जिन्याखालच्या अंधारात उभी आहेत, प्रत्येक पोत्याखाली चार विटा. विटा कशाला, असे विचारले.

“खाली ओल असते,” आत्या म्हणाल्या, आणि पोत्याचे तोंड पुन्हा सुतळीने बांधायला लागल्या.