खाडा नेमका कोणाचा?

‘मजुराला ना शिस्त, ना कामाची चाड’ हे मत बांधकाम व्यवसायात सिद्धान्तासारखे रूढ आहे. पुरावे तीन दिले जातात: तो उचल घेऊन गावी गेला की परतत नाही, पैसे हाती पडले की खाडे करतो, हेल्मेट दिले तरी घालत नाही. तिन्ही गोष्टी घडतात, हे मान्य. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

हेल्मेटचेच घ्या. मेट्रोच्या कामावर बूट, जाकीट, हेल्मेट नसेल तर फाटकातच अडवतात. तिथे मजूर सगळे निमूट घालतो. तोच मजूर पुढे गल्लीतल्या एखाद्या इमारतीच्या परांचीवर स्लिपर घालून चढतो. माणूस तोच, साइट बदलली. सेफ्टी बेल्टची तऱ्हा आणखी वेगळी. बेल्ट कमरेला असतो, पण हूक अडकवायला दोर बांधलेला नसतो. त्यात सेंटरिंगचे काम उक्ते, चौरस फुटाच्या दराने. हूक काढण्या-घालण्यात गेलेला वेळ त्याच्याच मजुरीतून वजा होतो.

आता उचल आणि खाडे. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला नुसती खर्ची मिळते, बाकीची मजुरी मुकादमाच्या वहीत राहते. म्हणजे उचल बुडवणाऱ्याची बोंब होते, पण अडकलेल्या मजुरीची चर्चाही नाही. नोंदीचेही तेच. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याची अट घातली. त्या दिवसांचा दाखला मिळवताना मजुराची दमछाक होते. जो ठेकेदार ‘हा माझ्याकडे होता’ एवढे लिहून द्यायला कचरतो, त्याने बांधिलकी कोणत्या तोंडाने मागावी?

बांधिलकी पाहायचीच असेल तर स्लॅब भरताना पाहावी. काँक्रीट मधेच थांबले तर सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळती लागते, हे टोळीला पक्के ठाऊक असते. जेवण पाळीपाळीने उरकतात, शेवटची पाटी पडेपर्यंत कोणी हलत नाही. कारण त्या दिवशी काम किती, मजुरी किती आणि ती संध्याकाळीच मिळणार, हे सगळे स्पष्ट असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की शिस्त आधी साइटला लागते, मग माणसाला. खरी हजेरी, ठरल्या दिवशी पुरी मजुरी, मागताच दाखला आणि हूक अडकवायला दोर, एवढे ज्याने पाळले त्यानेच मजुराचे खाडे मोजावेत.