खडकांचं गाव, चुन्याचं पाणी

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि नऊ कोटी वर्षं मागे चला. समोर अरबी समुद्र नाही, मागे सह्याद्रीचा काळा कातळही नाही. पायाखालची भूमी मादागास्करला चिकटून आहे. आफ्रिका केव्हाच दुरावलीय आणि थोड्याच काळात या दोघींचीही ताटातूट होणार आहे. आपल्या खाडीतल्या काळुंदर माशाची भारताबाहेरची सर्वांत जवळची भावकी आजही मादागास्करच्या पाण्यात नांदते. आफ्रिकेतले सिक्लिड त्याच कुळातले, जरा लांबचे. म्हणजे घरच्या मत्स्यटाकीत तुम्ही आणणार आहात तो आफ्रिकन सिक्लिड पाहुणा असला, तरी परका नाही.

आता पुढे या, काही लाख वर्षांपूर्वीच्या, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात. पाणी कोमट, नितळ आणि अल्कधर्मी. काठचे धोंडे एकावर एक रचून खोलवर उतरलेत. प्रत्येक कपारीच्या तोंडाशी एक निळा नर उभा आहे आणि शेजाऱ्याला वीतभरही पुढे येऊ देत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडत पिवळे, पट्टेरी मासे फिरताहेत. त्यांतल्या एका मादीकडे नीट पाहा. तिचा गळा फुगलाय, जबडा हळूहळू हलतोय, पण ती खात नाहीये. तोंडात अंडी आहेत. सुमारे तीन आठवडे ती पोटाला चिमटा घेऊन पिल्लं सांभाळेल.

तिथून १६६५ च्या मालवणात या. गेल्या वर्षी, २५ नोव्हेंबर १६६४ ला, पायाभरणी झाली आहे आणि कुरटे बेटावर हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सिंधुदुर्ग उभा राहतोय. चुन्याच्या उग्र वासानं डोळे चुरचुरतात. कोकणात शिंपले भाजून चुना करायची रीत जुनी आहे. समुद्राच्या जिवांनी अंगावर साठवलेलं कॅल्शियम इथे तटबंदीत जातं. शिवाजी महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे गडावर आजही जपलेले आहेत.

तुमच्या टाकीला लागणारं द्रव्य हेच, फक्त न भाजलेलं. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. मलावीच्या माशांना सुमारे ७.८ ते ८.६ पीएचचं कठीण पाणी हवं. घरी तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या टाकू नका. घासून, उकळून, वाळवून, भरडून जाळीच्या पिशवीत घाला आणि फिल्टरमध्ये ठेवा. शिंपल्या सावकाश विरघळतात आणि पाण्याला हवा तो क्षार देतात. भाजलेला चुना मात्र चिमूटभरही नको; पीएच एकदम चढून मासे मरतील. शिंपल्यांऐवजी समुद्रातली पोवळी वापरायचा मोह झाला, तरी त्यांना हात लावू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे.

सजावट म्हणजे दगडांची रचना. टाकी चार फुटी तरी घ्या. काळे पाषाण तळावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या जाळीवर टेकवा, वाळू नंतर भरा. हे मासे वाळू उकरतात. आधी वाळू घातली तर धोंडा कलंडून काच फुटते. रचना पाण्याच्या वरच्या थरापर्यंत न्या. प्रत्येक कपारीला दोन वाटा ठेवा, म्हणजे पळणारा अडकणार नाही. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, आणि मासे किंचित दाटीनं ठेवावेत. दाटीत एकाच दुबळ्यावर मारा होत नाही. पण दाटी केली की फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायलाच हवं. शेवाळ खाणाऱ्या जातींना मांसाचं खाद्य रोज देऊ नका, पोटं फुगू शकतात.

मासे वाढले, जागा पुरेनाशी झाली, तरी खाडीत सोडू नका. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. तो कितीतरी जलाशयांत पसरला आणि तिथल्या देशी माशांच्या पोटावर पाय आला. खाडीत काळुंदराची जोडी आपल्या पिल्लांना राखत असते. त्यांच्या घरात आपला पाहुणा घुसवायचा हक्क आपल्याला नाही. जास्तीचे मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या छांदिष्टाला द्या. पाहुण्याला त्याचं पाणी आणि घरच्याला त्याची खाडी, एवढं सांभाळलं की हा छंद निर्धोक आहे.