फोन म्हातारा कोण करतं?

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेले तेव्हा आईनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "अगं, तुझंच ॲप उघडत नाहीये बघ. फोन बिघडला का?" आमच्या कंपनीच्या ॲपवरून ती विजेचं बिल भरते. पडद्यावर 'अपडेट करा' असा संदेश होता. अपडेट करायला गेलं तर उत्तर येत होतं, की हे ॲप या फोनवर चालणार नाही.

फोन २०१५ सालचा, अँड्रॉइड ५ वाला. काच शाबूत, बॅटरी एकदा बदललेली, कॉल व्यवस्थित लागत होते. "जुना झालाय गं," मी म्हणाले आणि विषय बदलला.

खरं कारण मला माहीत होतं. काही महिन्यांपूर्वी मीच एका फाइलमध्ये २१ चा २४ केला होता. हा आकडा म्हणजे ॲप चालायला लागणारी अँड्रॉइडची किमान पातळी. २१ म्हणजे अँड्रॉइड ५, २४ म्हणजे अँड्रॉइड ७. जुन्या फोनवाले थोडेच उरले होते आणि प्रत्येक बदल त्यांच्यासाठी वेगळा तपासायला वेळ जायचा. कुणी हरकत घेतली नाही. पुढे सर्व्हरनं ॲपची जुनी आवृत्ती स्वीकारणं बंद केलं, आणि आईचा धडधाकट फोन 'जुना' झाला.

वस्तूचं आयुष्य असं टेबलावर बसून ठरवण्याची गाजलेली गोष्ट बल्बची आहे. १९२४ च्या अखेरीस ओसराम, फिलिप्स वगैरे बड्या कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा गट केला. तेव्हाचे बरेच बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. गटानं मर्यादा ठरवली १००० तास. नमुने तपासले जायचे आणि ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्या कंपनीला दंड व्हायचा.

स्मार्टफोनच्या बाबतीत असा कट शोधायची गरज नाही. सुरुवातीला फोन खरोखरच झपाट्यानं मागे पडायचे. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजी नव्हतं, ॲप स्टोअरही नव्हतं. वर्षभरात दोन्ही आलं. दोन वर्षांनी फोन बदलला तर खरोखर काहीतरी नवीन हातात यायचं. अँड्रॉइडची अडचण आणखी वेगळी होती. नवी आवृत्ती फोनवर बसवायची तर आधी चिप बनवणाऱ्यानं आपला भाग तयार करून द्यायचा, मग फोन कंपनीनं. साखळीतल्या एकानं हात वर केले की फोन तिथेच थांबला. गूगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणून हे दोन भाग वेगळे केले, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली.

त्याच वर्षी ॲपलचं प्रकरण बाहेर आलं. बॅटरी झिजली की प्रोसेसरला अचानक लागणारी वीज ती पुरवू शकत नाही आणि फोन बंद पडतो. ते टाळायला ॲपलनं अपडेटमधून जुन्या आयफोनचा वेग कमी केला. इंजिनिअर म्हणून मला हा उपाय पटतो. पण लोकांना नीट सांगितलं नाही. बॅटरी बदलून फोन पुन्हा पळताना दिसला तेव्हा बिंग फुटलं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड बसला, तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

त्यानंतर वर्षांचे आकडे उघड सांगितले जाऊ लागले. २०१६ च्या पहिल्या पिक्सेलला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या दोन वर्षं मिळणार होत्या. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं. हे मोजमाप फोन बाजारात आल्यापासून होतं. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत, तर तुमच्या वाट्याला पाचच. युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम उलट बाजूनं मोजतो: मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट, आणि सुटे भाग सात वर्षं.

म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी ही तारीख बघा. मात्र माझ्यासारख्यांनी बदललेला आकडा कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

सुट्टी संपवून परतल्यावर मी टीममध्ये एक मुद्दा मांडला: किमान पातळी वाढवायची असेल तर सहा महिने आधी ॲपमध्येच सूचना द्यायची आणि बिल ब्राउझरमधून भरायची सोय चालू ठेवायची. सूचनेचं मान्य झालं. ब्राउझरचं अजून 'बघू' मध्ये आहे.

आईला मग फोनवरच खरं सांगितलं, की तुझा फोन बिघडला नव्हता, मीच आकडा बदलला. ती क्षणभर गप्प बसली.

"मग आधी सांगायचंस की," ती म्हणाली. "मी उगाच दुकानात दोनदा दाखवून आले."